सहा आण्यांचं गाणं

मूलच्या बाजारात मन्सूरभाईचं गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात भरदिवसा, लख्ख उन्हात एक बत्ती जळत असायची. ती मुखरू पेटवायचा. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की थबकून विचारायचं, "काऊन जी, दिवसा बत्ती?" मन्सूर कपाळाला हात लावून म्हणायचा, "त्यालेच विचारा. डोकं त्याचं फिरलं, अन् रॉकेल माहं जळून राह्यलं."

खरं कारण सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. बत्तीत हवा भरली की ती सूंऽऽ असा आवाज करते. दुकानातल्या चावीच्या बाजावर, म्हणजे ग्रामोफोनवर, देवाजीचं गाणं लागलं, की मुखरूला नेमकी एखादी बत्ती तपासायची आठवण व्हायची. तो बत्ती मांडीत घेऊन पंप मारत सुटायचा आणि गाणं त्या सूंमध्ये बुडून जायचं. निदान त्याच्या स्वतःच्या कानापुरतं तरी बुडायचं.

हा मुखरू मूलपासून कोसभरावरच्या खेड्यातला. धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, एक बैलजोडी, बुधरी नावाची बायको, आणि देवानं दिलेला एक चमत्कारिक आवाज. चारचौघांत बोलायला लागला की लोक हसायचे, कारण आवाज बारीक आणि वर चढलेला, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा. म्हणून तो बोलायचाच कमी. पण दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या, गावोगाव दंडारीचे खेळ उभे राहिले, की हाच आवाज लोक लांबून ओळखायचे. मुखरू झीलकरी होता. पुढचा गवई ओळ म्हणतो आणि तिचं शेवटचं टोक हवेत सोडतो. ते टोक खाली पडायच्या आत मागचा माणूस उचलतो, उंच नेतो आणि गवयाला दम घ्यायला सवड देतो. ही झील. मुखरूनं जन्मात कधी पहिली ओळ म्हटली नव्हती. कोणीतरी पुढं असल्याशिवाय त्याच्या गळ्यातून सूरच निघत नसे.

आणि पुढं असायचा देवाजी. देवाजी गाणी स्वतः बांधायचा, चाल स्वतः लावायचा, खंजिरी स्वतः वाजवायचा आणि झाल्यावर स्वतःची तारीफही स्वतःच करायचा. दोघांची शेतं शेजारी, मधे फक्त एक नाला. पोरवयापासून दोघं मिळून उभे राहत आले. देवाजीची ओळ संपली आणि मुखरू लागला नाही, असं कुठल्याही मंडईत कोणी ऐकलं नव्हतं.

बिनसलं ते आषाढात. मुखरू पोटरीभर चिखलात वाकून धानाची रोपं, पऱ्हे, रोवत होता. रोवण्याच्या बाया रांगेत होत्या, पाणी बांधीत नेमकं हवं तेवढं साचलं होतं. तेवढ्यात देवाजी शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, पळत आला. ग्रामोफोनचे तवे, तबकड्या, काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीची माणसं नागपुरात आली होती. मुलखातल्या गवयांची गाणी तव्यावर भरून घेणार होती. देवाजीला बोलावणं होतं.

"उद्याच्या गाडीनं निघाचं," देवाजी म्हणाला.

"उद्या? रोवणा टाकून?" मुखरू कंबर सरळ न करताच म्हणाला. "पानी उतरलं म्हणजे वर्षाचं धान गेलं. आठ रोज थांब म्हणा त्याह्यले."

"कंपनी तुह्यासाठी थांबन काय?"

"मंग माहं धान थांबन काय?"

देवाजी चिडला. "त मी एकटाच जातो."

आता मुखरूच्या नाकावर सहसा माशी बसली तरी तो तिला बसू देणारा माणूस. पण त्या दिवशी कंबर दुखत होती, बाया ऐकत होत्या, आणि तोंडातून निघायचं ते निघून गेलं. "जा! एकटाच गा. पाहू तुले झील कोन देते थे!"

त्याला वाटलं, देवाजी शिव्या घालील आणि मग धुऱ्यावर बसून मनधरणी करील. नेहमी तसंच व्हायचं. देवाजीनं पायाचा चिखल गवताला पुसला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीची, अरुंद रुळांवरच्या आगगाडीची, शिट्टी कोसभरावरून ऐकू आली तेव्हा मुखरूच्या हातातले पऱ्हे वाकडे लागले.

दसऱ्याच्या सुमाराला तवे आले. तीन तवे, दोन्ही बाजूंनी मिळून सहा गाणी, आणि प्रत्येकावर नाव एकट्या देवाजीचं. देवाजी ते स्वतः मन्सूरच्या दुकानात घेऊन आला. मुखरू शेतीतून सवड मिळाली की मन्सूरकडे बत्त्या सांभाळायला असायचा. देवाजीला येताना पाहून तो मागच्या खोलीत रॉकेलच्या पिंपाआड जाऊन बसला. त्यानं तिथून ऐकलं ते एवढंच. देवाजी म्हणत होता, "मुखरूले ऐकव मन्सूरभाई. साही गाणे ऐकव."

"पाह्यलं?" मुखरू त्या दिवशी घरी बुधरीला म्हणाला. "मले खिजवून राह्यला. तुह्याविना झालं म्हणते, घे ऐक म्हणते."

बुधरी भाकर थापत होती. ती म्हणाली, "कोनी सांगतलं खिजवून राह्यला म्हणून? ऐकून त पाहा जी एकडाव."

पण ऐकायचंच तर त्याच्यानं होत नव्हतं. कारण दुकानात रोज जी चर्चा चाले तिच्यातलं एक वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. भाताच्या गिरणीवर पोती वाहणारा डोमा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "गाणं त झकासच, पन मागून काय भरलं हाये बाप्पा! आपल्याइकडं असं मागचं काम ऐकलंच नाई." मागचं काम म्हणजे झील. म्हणजे देवाजीला नागपुरात दुसरा झीलकरी मिळाला होता आणि तो मुखरूपेक्षा सरस होता. मुखरूनं मनात एवढं पक्कं करून टाकलं. मागं कोण आहे, असं एका शब्दानं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती, म्हणून बत्ती पेटायची.

त्यात मंडई जवळ येत चालली. मंडईत देवाजी उभा राहणार, हे ठरलेलं. त्याच्या मागं कोण उभं राहणार, हे मुखरूला कोणी सांगत नव्हतं आणि तोही कोणाला विचारत नव्हता. जेवण उतरेना, झोप धड लागेना.

दुकानातली मंडळी मात्र मजेत होती. मंडईत देवाजीला सहापैकी कोणतं गाणं म्हणायला लावायचं, यावरून त्यांचा रोज तंटा चालायचा. नवा पैसा यायला अजून दोनेक वर्षं होती, त्यामुळे गाण्यांना मोल आण्यांत मिळायचं. पैकीच्या पैकी गाणं म्हणजे सोळा आणे. डोमाचे सोळा आणे छोट्या गाडीच्या गाण्याला, कारण त्यात चढावर गाडी थांबते आणि उतारू खाली उतरून मोहफुलं वेचून परत डब्यात चढतात. दुकानाच्या पायरीवर मुर्रा-फुटाणे विकणारी रंभाबाई रोवण्याच्या गाण्याची. मन्सूरची पोरगी अहेरीला दिलेली, त्यामुळे लेकीच्या सासरवाटेचं गाणं लागलं की तो उगाच दुकानाबाहेर जाऊन नाक शिंकरून यायचा. पण आणे देताना त्याचा हात आखडता. पंधराच्या वर तो कधी गेला नाही.

"सोळा आणे फक्त अल्लाच्या कामाले," तो म्हणायचा. "मानसाच्या कामात आणाभर खोट असतेच."

"मंग गाडीले चौदा काऊन?" डोमा उसळायचा. "अजून एक आणा कुठी गेला?"

"तुही गाडी चढावर थांबते ना. त्याचा एक आणा."

यावर रंभाबाई हसून फुटाणे सांडायची आणि डोमा पुन्हा तोच तवा लावायचा. वाघाचं गाणं, तेंदूपत्त्याचं गाणं, सगळ्यांचा असा न्याय झाला. फक्त सहावं गाणं कोणाला नको होतं. ते गाडीच्या गाण्याच्या मागच्या बाजूला होतं. त्याला रंभाबाईनं आठ आणे दिले, तेही देवाजीचं मन राखायचं म्हणून. डोमानं दिले सहा. पुढं त्याचं नावच सहा आण्यांचं गाणं पडलं.

बाजाराचा दिवस होता. मन्सूरनं तो तवा कागदात गुंडाळायला घेतला.

"कुठी पाठवून राह्यला?" रंभाबाईनं विचारलं.

"नागपूरले, देवाजीनं आणला त्या दुकानदाराकडे परत. तव्यात खोट हाये. गाणं मधी मधी बंद पडते. ओळ म्हणते अन् चूप. पुन्हा एक ओळ, पुन्हा चूप. नुसती खंजिरी वाजत राह्यते. असा तवा कोनी घेते काय? बदलून मागतो."

"तव्यात खोट नाई मन्सूरभाई," डोमा म्हणाला. गाडीचा तवा परत जाणार म्हणून तो आधीच नाराज होता. "तव्यात असती त मागच्या बाजूनं गाडीबी बंद पडली असती. खोट गवयात हाये. देवाजीचा दम सरला. शेवटचं गाणं, थकला असन. ओळीओळीले थांबून दम घेऊन राह्यला."

मुखरू कोपऱ्यात बत्तीला हवा भरत होता. त्याचा हात थांबला.

चार महिने देवाजीवर त्यानं मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती. देवाजी मतलबी, देवाजी दगाबाज, देवाजीचं तोंड पाहायचं नाही. हे सगळं तो बोलू शकत होता. पण देवाजीचा दम सरला, असं दुसऱ्या कोणी म्हणावं आणि त्यानं ते ऐकून घ्यावं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"काय म्हणला?" तो म्हणाला. त्याचा तो बारीक आवाज दुकानभर चिरत गेला. "देवाजीचा दम सरला?"

"मी नाई म्हणत," डोमा जरा मागं सरकला. "तवा म्हणते."

"तिन्ही सांजेपासून कोंबडा आरवेपर्यंत गाते देवाजी. चिचपल्लीच्या मंडईत तापानं फणफणला होता तरी गायला. त्याचा दम सरते? आन तो तवा इकडे. लाव."

"तू ऐकशीन?" मन्सूरनं डोळे मोठे केले.

"लाव म्हणतो ना!"

त्यानं खाली वाकून बत्तीची हवा सोडली. सूं बारीक होत होत बंद पडली आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदाच त्या दुकानात बाजारातली गडबड नीट ऐकू आली. मन्सूरनं कागद सोडवला, बाजाला चावी दिली, नवी सुई लावली. मुखरू भोंग्यासमोर उकिडवा बसला. दुसऱ्या झीलकऱ्याचा आवाज आता येईल, मग येईल, म्हणून त्यानं दात घट्ट धरले होते.

आधी नुसती खरखर. मग खंजिरी. मग देवाजी.

"चांद गेला झाडीआड, दव पडलं धानावरऽ…"

आणि चूप. खंजिरी तेवढी हळू वाजत राहिली.

"हे पाहा, सरला ना दम?" डोमा कुजबुजला. रंभाबाईनं त्याच्या गुडघ्यावर फटका मारला.

"डुकरायची टोळी आली, नाल्याच्या त्या कोनावरऽ…"

पुन्हा चूप. दुसरा कोणी लागला नाही. पेटी नाही, सारंगी नाही, कोणाचा गळा नाही. आणि मुखरू भोंग्याकडे आणखी सरकला, कारण ही चाल त्याला ठाऊक होती. ही चाल दंडारीतली नव्हती. जगात ती दोनच माणसांना ठाऊक होती.

धान पिकायला आलं की रानडुकरं उतरतात, म्हणून शेतकरी मचाणावर जागलीला बसतो. एकट्याला झोप लागते. म्हणून नाल्याअलीकडचा हाक देतो आणि पलीकडचा जागा असल्याची ओ देतो. ओ आली नाही तर समजायचं, गडी झोपला किंवा काही बरंवाईट झालं. देवाजी आणि मुखरू मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून बापांच्या मचाणांवर बसत आले होते. नुसत्या हाकेचा कंटाळा आला म्हणून देवाजी सुरात हाक देऊ लागला, आणि मुखरू सुरात ओ देऊ लागला. त्यांची बाकी सगळी गाणी नंतरची. हे पहिलं. ते त्यांनी कधी कोणापुढं म्हटलं नव्हतं, कारण त्याला गाणं म्हणतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

तव्यावर देवाजीनं तिसरी ओळ सोडली. तिचं टोक हवेत लोंबकळत राहिलं, आणि मुखरूनं ते उचललं. त्यानं उचललं म्हणण्यापेक्षा त्याच्या गळ्यानं उचललं.

"जागा हाये जीऽऽ, जागा हाये!"

सूर बरोबर खंजिरीच्या अंगावर बसला आणि जिथं संपायला हवा तिथंच संपला. त्याच क्षणी तव्यातल्या देवाजीनं पुढची ओळ घेतली, जणू तो ऐकूनच थांबला होता. पुन्हा मोकळी जागा आली, पुन्हा मुखरू लागला. बाजारातली माणसं दुकानापुढं गोळा झाली. काहींनी आत डोकावून पाहिलं, देवाजी कुठं लपला आहे म्हणून. मुखरूला त्याचं काही भान नव्हतं. डोळे मिटलेले, एक हात कानावर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

सुई शेवटच्या रेघेत जाऊन खरखरू लागली तरी कोणी ती उचलेना.

"मागं कोनी नाई," मुखरू म्हणाला. "ह्याच्यात मागं कोनीच नाई. अन् त्या पाच गाण्यांत कोन हाये?"

"कोन म्हणजे?" डोमाला कळेना.

"तू म्हणला होता ना, मागून झकास भरलं हाये म्हणून. कोन झीलकरी हाये?"

"झीलकरी? नागपूरचा पेटीवाला हाये थो! पेटी वाजवून राह्यला मागून. पाची गाण्यांत पेटी हाये. ह्याच गाण्यात तेवढी नाई. म्हणून त म्हणलं, खोट हाये."

मुखरूनं कपाळावर हात मारला. पेटी! महिनाभर तो एका पेटीवर जळत होता. त्याला आधी हसू आलं, मग रडू, मग पुन्हा हसू. इतके दिवस छातीवर धानाचं पोतं ठेवल्यागत वाटत होतं ते कोणीतरी उचलून घेतलं, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की तिथंच आडवं व्हावं आणि झोपून जावं. देवाजीनं पाच गाण्यांत पेटीवाल्याला भरू दिलं होतं. सहाव्यात त्यानं कंपनीच्या माणसांना काय सांगून पेटी बंद ठेवायला लावली, कोण जाणे. पण ती जागा त्यानं कोणाला दिली नव्हती. रोवणा टाकून येत नाही म्हणणाऱ्या, तोंडावर टाकून बोलणाऱ्या माणसासाठी त्यानं ती तव्यावर तशीच राखून आणली होती. आणि म्हणूनच म्हणाला होता, मुखरूले ऐकव.

"हे आता सोळा आणे," डोमा डोळे पुसत म्हणाला. "माही गाडी गेली खड्ड्यात."

रंभाबाई म्हणाली, "सोळा नाई, माह्या टोपलीतले सगळे फुटाणेबी घ्या मुखरूभाऊ." आणि खरंच तिनं त्याच्या धोतराच्या ओच्यात ओंजळभर टाकले.

सगळ्यांनी मन्सूरकडे पाहिलं. मन्सूर तव्यावरची धूळ हलक्या हातानं पुसत होता.

"पावणेसोळा," तो म्हणाला.

"अन् उरलेला पाव?" डोमा ओरडला.

"थो मंग देईन, देवाजी इथी येऊन ह्याच्यासंगं म्हणन तेव्हा. अन् मुखरूभाऊ, उद्यापासून दिवसा बत्ती पेटवली ना, त रॉकेल तुह्या घरून आणशीन."

मुखरू त्या दिवशी दुकान अर्ध्यावर टाकून घरी निघाला. बुधरीला त्यानं दारातूनच सांगितलं, "पेटी व्हती वो, पेटी!" तिला अक्षर कळलं नाही, पण नवऱ्याचं तोंड पाहून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता त जेवसान ना पोटभर?"

दिवस मावळता मावळता तो मचाणावर चढला. पिवळं धान वाऱ्यानं सळसळत होतं. नाल्यापलीकडे देवाजीच्या मचाणाखाली शेकोटी पेटलेली दिसत होती. पीक भरल्यापासून दोघं असेच समोरासमोर बसत होते आणि डुकरं हाकलायला आपापला पत्र्याचा डबा बडवत होते. हाक नाही, ओ नाही. डबा बडवण्यातसुद्धा अबोला होता. एकाचा वाजला की दुसरा मुद्दाम थांबायचा.

आत्ताही देवाजीचा डबा वाजत होता. मुखरू वाट पाहत बसला, तो हाक देईल म्हणून. मग त्याच्या ध्यानात आलं की हाक तर केव्हाच देऊन झाली आहे. आषाढातच दिली, नागपुरात, एका भोंग्यापुढं उभं राहून. राहिली होती ती ओ.

जन्मात कधी पुढं न गायलेल्या त्या माणसानं मचाणाची दांडी घट्ट धरली, डोळे मिटले, आणि समोर कोणाचीही ओळ नसताना सूर लावला.

"जागा हाये जीऽऽ, जागा हाये!"

पलीकडचा डबा बंद पडला. मुखरू दांडीवरून वाकून ऐकू लागला, आपल्याला उशीर तर झाला नाही ना, म्हणून.

"काऊन रे मुखऱ्याऽऽ," देवाजी नाल्यापलीकडून ओरडला. ढंग तोच जुना, चिडवायचा. "झाला काय तुहा रोवणाऽऽ?"

धान कापणीला आलं होतं. मुखरू हसत सुटला, मचाण करकरू लागलं, आणि हसता हसताच त्यानं सांगून टाकलं, "झाला जीऽऽ! आत्ताच झाला!"